जानेवारीतली वाढ ही पगारवाढ नव्हे

हाउसकीपिंगच्या कंत्राटी कामात जानेवारी-जुलैत पगार थोडा सरकतो आणि सुपरवायझर म्हणतो, "मावशी, वाढ झाली." कसली वाढ! महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे बदलतो, तेवढंच. काल लागलेल्या मुलीला आणि आठ वर्षं फरशी पुसणाऱ्या मावशींना तो सारखाच.

अनुभवाची किंमत मिळते, पण किती? कॅनडात १९९०च्या दशकात सरकारी मदतीवर जगणाऱ्या एकल पालकांसाठी एक प्रयोग झाला. त्यांत बहुतेक आयाच. पूर्णवेळ नोकरी धरली तर तीन वर्षांपर्यंत वरून पैसे. त्यामुळे कामाला लागलेल्यांची मजुरी महागाई वगळून वर्षाला अडीच-तीन टक्क्यांनी वाढली. हाच दर इथे समजा १३,००० पगाराला लावला, तर तीन टक्के म्हणजे महिन्याला ३९० रुपये. आणि २६ दिवसांच्या हिशेबाने एक खाडा ५०० रुपयांचा! पोराला ताप आला आणि घरात दुसरं कुणी नसलं, की वर्षभराच्या अनुभवाची त्या महिन्याची कमाई एका दिवसात जाते. ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, आजारपणाचा भत्ता तिच्या स्वतःच्या दुखण्याला मिळतो, मुलाच्या नाही. त्यामुळे पाळणाघर शोधणं हे पगारवाढीचंच काम समजावं.

खरी उडी श्रेणी बदलली की लागते: अकुशलवरून अर्धकुशल. बाई स्क्रबर मशीन चालवते, नव्या मुलींना काम शिकवते, पण पगारस्लिपवर 'अकुशल'च राहतं. आपलं काम त्या उद्योगाच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेत कुठे बसतं ते पाहावं, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी मागणी सुपरवायझर बदलला की संपते.

ठेकेदार बदलला की घोळ होतो तो पीएफचा. इमारत तीच, झाडू तोच, पण नवा ठेकेदार नवीन यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, काढतो. जुनाच नंबर द्यायचा, नाहीतर सेवा जोडली जात नाही, आणि पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात.

जाता जाता स्लिपवर व्यवसाय कर बघा. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. तरी २०० रुपये कापलेले दिसले तर परत मागायचे.