ऊन चुकवणारा हिरवा रंग

भर दुपारी पान किंचित फिकट होतं. उन्हाने आपले डोळे दिपतात म्हणून नव्हे, खरोखरच होतं. एवढंच की हा फरक सहसा नजरेला जाणवत नाही. तो पाहायचा तर प्रयोगशाळेतली एक सोपी युक्ती आहे. मऊ, पातळ पानावर बारीक चीर पाडलेली काळी पट्टी ठेवायची आणि वरून प्रखर प्रकाश सोडायचा. तासाभराने पट्टी उचलली की चिरेच्या जागी पानावर फिकट रेघ उमटलेली असते. पान भाजलेलं नसतं, हरितद्रव्यही कुठे गेलेलं नसतं. मंद उजेडात राहू दिलं तर रेघ आपोआप पुसली जाते.

पानाच्या पेशींमधले हरितलवक, म्हणजे हरितद्रव्य बाळगणारे चिमुकले चपटे कण, तेवढे बाजूला सरकलेले असतात.

शाळेत पेशीची आकृती काढताना आम्ही हे हरितलवक हिरव्या पेन्सिलीने जागा सापडेल तिथे भरायचो. मोकळं फार दिसायला लागलं तर आणखी दोन-तीन काढायचे. नावं बाणाने दाखवली की गुण मिळायचे. ही पेशी सकाळची की दुपारी बाराची, असं कधी कुणी विचारलं नाही. खरं तर विचारायला हवं होतं, कारण त्या उत्तरावर अख्खी आकृती बदलते. उजेड मंद असेल तर चपटे हरितलवक पेशीच्या वरच्या आणि खालच्या भित्तीलगत पसरून राहतात, मिळेल तेवढा प्रकाश अंगावर घेतात. ऊन तापलं की तेच बाजूच्या उभ्या भिंतींकडे जातात. जमिनीवर पसरलेल्या ताटल्या उचलून भिंतीशी कडेवर उभ्या लावाव्यात, तसं. मग प्रकाश पडतो तो त्यांच्या कडांवर. वरचे खालच्यांवर थोडी सावली धरतात आणि उरलेलं ऊन पेशीच्या मोकळ्या मधल्या भागातून खालच्या थरांकडे निघून जातं. अंधारात आणखी तिसरीच मांडणी. काही वनस्पतींमध्ये ते पेशीच्या तळाशी जाऊन बसतात.

‘झाडाला ऊन हवं’ हे आपण इतक्या ठामपणे म्हणतो की त्याला नकोही असू शकतं, हे लक्षातच येत नाही. वापरता येईल त्यापेक्षा जास्त प्रकाश शोषला गेला की त्या फाजील ऊर्जेने प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच मोडू लागते. पान दुरुस्ती करतंच, पण मोडतोड दुरुस्तीच्या पुढे गेली की संपलं. 2002 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी याचा रोखठोक पुरावा दिला. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपाचे असे वाण त्यांनी घेतले, ज्यांच्या हरितलवकांना ऊन चुकवता येत नव्हतं. प्रखर प्रकाशात साध्या रोपांची पानं टिकली, या वाणांच्या पानांचा रंग उडाला आणि ती करपली. म्हणजे हे सरकणं काही हौसेचं नाही.

वेग म्हणाल तर मिनिटाला साधारण एक मायक्रोमीटर. एक मिलीमीटर चालायचं ठरवलं तर साडेसोळा तास मोडतील. पण पेशीच मुळी इतकी लहान की अर्ध्या-पाऊण तासात मुक्काम गाठता येतो. माझ्यासारख्या माणसाला हा वेग फार पटतो, विशेषतः उन्हातून सावलीत जाताना. हे सरकणं वेग वाढवलेल्या चित्रफितीत बघावं. हरितलवकाला पुढची बाजू, मागची बाजू असा प्रकार नाही. वळावं लागत नाही, लोळावं लागत नाही. जिकडे जायचं तिकडे आहे तसाच सरकतो. ज्या कडेने निघायचं त्या कडेला ॲक्टिनचे आखूड तंतू गोळा होतात. ॲक्टिन म्हणजे आपल्या स्नायूंमध्ये असतं तेच प्रथिन. दंड फुगवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ऊन किती आहे हे ओळखतात फोटोट्रोपिन नावाची प्रथिनं, आणि तीही निळ्या प्रकाशावरून. बहुतेक फुलझाडांना नुसता तांबडा प्रकाश कितीही दिला तरी त्यांचे हरितलवक जागचे हलत नाहीत. अरॅबिडॉप्सिसमध्ये अशी दोन फोटोट्रोपिनं आहेत. मंद उजेडाकडे यायला दोन्ही चालतात, तीव्र प्रकाशापासून पळायला मात्र त्यांतलं दुसऱ्या क्रमांकाचंच लागतं. ते सापडलं 2001 मध्ये, आणि सापडलं ते याच फिकट रेघेमुळे: ज्या रोपांच्या पानावर रेघ उमटत नाही ती शोधायची आणि त्यांच्यात काय बिघडलंय ते बघायचं. एवढ्या नाजूक प्रश्नाला इतकी साधी चाचणी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मासामित्सू वादा आणि ताकातोशी कागावा या जपानी शास्त्रज्ञांनी हंसराज या नेच्यावर केलेला प्रयोग त्याहून मजेदार आहे. हंसराजाच्या बीजाणूपासून आधी एकाच पेशीच्या जाडीचा हिरवा पापुद्रा उगवतो, त्यामुळे आतलं सगळं सरळ दिसतं. त्यातल्या एका पेशीच्या छोट्याशा भागावर त्यांनी तीव्र निळ्या प्रकाशाचा बारीक झोत टाकला. झोतातले हरितलवक बाहेर पळाले, हे ठीक. पण बाहेरचे लांबून झोताकडे निघाले, कडेपर्यंत आले आणि तिथेच अडले. झोत बंद केल्यावर ते आत शिरले, प्रकाश नव्हता तरी. उजेड कुठे पडला होता याची खूण पेशीत काही काळ राहते आणि हरितलवक त्या खुणेच्या रोखाने चालतात.

हंसराजाची आणखी एक गंमत अशी की त्याला तांबडा प्रकाशही चालतो. त्याच्याकडे निओक्रोम आहे, म्हणजे तांबडा प्रकाश ओळखणारा एक भाग आणि फोटोट्रोपिन यांचं जोडून झालेलं एकच प्रथिन. मोठ्या झाडांखालच्या मिणमिणत्या उजेडात ते फार कामाला येतं. पण हे नेच्यांचं स्वतःचं नव्हे. त्याचं जनुक त्यांच्याकडे हॉर्नवर्ट या मॉसच्या दूरच्या नातलगांकडून आलं, असं 2014 मध्ये जनुकांच्या वंशावळी ताडून दाखवण्यात आलं. ही उसनवारी झाली तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते. परतफेडीचं कुणी नाव काढलेलं नाही, आणि हॉर्नवर्टांकडेही ते जनुक अजून आहेच, म्हणून तक्रारही नसावी.