आधी चुकीची वाट

परवा दुपारी एका सरकारी इमारतीत उतारा काढायला गेलो होतो. जिना संपतो तिथे भिंतीवर लाल रंगाचा ठळक बाण होता आणि त्याखाली ‘नक्कल विभाग’ असे लिहिलेले होते. बाण उजवीकडचा होता. मी डावीकडे वळलो. तिकडे पाय मोडलेल्या खुर्च्यांची चळत, लाल फडक्यात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे आणि कुलूप लावलेले एक दार एवढाच ऐवज होता. तो नीट न्याहाळून, दार एकदा ढकलूनही पाहून, मग मी उजवीकडे गेलो. सोबत आलेल्या मेहुण्याने विचारले, ‘‘दाजी, बाण दिसला नाही का?’’ दिसला होता. दिसला म्हणूनच तर आधी दुसरीकडे गेलो.

ज्यांच्या अंगठ्यांना लहानपणी व्हिडिओ गेमच्या रिमोटने घट्टे पाडले, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. वाट फुटली की बरोबर वाट शेवटी घ्यायची. बरोबर वाटेने गेले की खेळ पुढे सरकतो, आणि पुढे सरकलेला खेळ पुष्कळदा मागे येऊ देत नाही. म्हणून जी वाट कुठेच जात नाही असे वाटते, ती आधी संपवून टाकायची. नाणी, औषध, जास्तीचा जीव, जे काही असेल ते तिथेच असते.

हा धडा मी मिरजेला आमच्या जुन्या वाड्यात गिरवला. मे महिन्यात दादा कुठूनतरी एक टीव्ही गेम भाड्याने आणत असे. त्यासोबतच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असे छापलेले असायचे; प्रत्यक्षात त्यात मोजके दहा-बारा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत, पण त्याबद्दल आम्ही कधी कुरकुर केली नाही, कारण त्यांत मारिओ होता. निन्टेन्डोने १९८५ साली काढलेल्या त्या मूळ मारिओत पडदा फक्त एकाच दिशेने सरकतो. डावीकडे जे सुटले ते कायमचे सुटले. वर कोपऱ्यात ४०० पासून आकडा उतरत असतो आणि तो सेकंदांपेक्षा कितीतरी भरभर उतरतो. खेळ जपून ठेवण्याची सोय नाही. वीज गेली की सातव्या जगात, म्हणजे खेळाच्या सातव्या भागात, पोहोचलेला माणूस पुन्हा पहिल्या विटेपाशी उभा. आणि मिरजेत मे महिन्यात वीज जायचीच.

एका दुपारी दादाने पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात, त्या जमिनीखालच्या भुयारात, मारिओला विटांवर चढवले आणि थेट छताच्या वर नेले. जिथे गुण आणि उरलेला वेळ लिहिलेला असतो त्या पट्टीतून तो धावू लागला. बाहेर पडण्याचा पाइप खाली मागे राहिला. मी ओरडलो, ‘‘दादा, अरे, पाइप गेला!’’ दादा काही बोलला नाही. पुढे छत संपले, मारिओ एका बंद खोलीत उतरला, आणि तिथे तीन पाइप होते: दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जगात नेणारे. खेळाच्या चौकटीबाहेर जाऊन खेळता येते हे मला तेव्हा प्रथम दिसले. दादाला हे सांगलीच्या कोणा मुलाने सांगितले होते आणि त्या मुलाला कोणी सांगितले याचा थांग लागला नाही. इंटरनेट नव्हते, मासिके नव्हती. ही विद्या गावोगाव तोंडी फिरत होती.

चौथ्या जगातल्या किल्ल्याने मात्र वेगळे शिकवले. तिथे चुकीची वाट घेतली तर काहीच मिळत नाही. तीच गल्ली, त्याच भिंती पुन्हा पुन्हा येत राहतात आणि वेळ संपेपर्यंत आपण मुकाट्याने चालत राहतो. सरकारी कामाचा पहिला अनुभव मला तिथेच आला.

पुढे एका संगणक क्लासमध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया भेटला. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. खेळ १९८९ साली आला. क्लासमध्ये डॉसच्या आज्ञा शिकवत आणि सर चहाला गेले की आम्ही तळघरात उतरत असू. तिथे मागे फिरता येते, सगळे कोपरे धुंडाळता येतात, पण राजकन्येला सोडवायला तास एकच. एखाद्या आडबाजूच्या कोठडीत मोठी कुपी असते, ती प्यायली की आयुष्याचे एक माप कायमचे वाढते. काही कुप्यांत विषही असते. म्हणजे चुकीच्या वाटेची किंमत आता वेळेत मोजायची होती. माझा शेजारी नाकासमोर जाऊन लवकर मरायचा. मी सगळ्या कुप्या गोळा करून, भरल्या अंगाने, वेळ संपून हरायचो. दोघांनाही आपलेच बरोबर वाटत असे, आणि मला अजूनही वाटते.

ही खोड मुळात माझी नव्हेच. मारिओचा जनक शिगेरू मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे नावाच्या गावात वाढला आणि लहानपणी कंदील घेऊन तिथल्या गुहेत शिरत असे, असे त्याने स्वतः सांगितले आहे. आणखी एक पूर्वज म्हणजे अटारी कंपनीतला वॉरन रॉबिनेट. त्या काळी ही कंपनी खेळ करणाऱ्याचे नाव कुठेही छापत नसे. तेव्हा त्याने आपल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली बांधली आणि तिच्यात आपले नाव लिहून ठेवले. दिसेल न दिसेल असा एक ठिपका शोधून नेमक्या भिंतीपाशी नेला तरच आत जाता येई. वरिष्ठांना त्याने पत्ता लागू दिला नाही. उगाच भिंती चाचपत बसणारे कोणीतरी पोर कधीतरी येईल, एवढाच त्याचा भरवसा होता.

पन्हाळ्याला शाळेची सहल गेली तेव्हा अंधार बावेत सगळे विहिरीत डोकावत होते आणि मी चोरवाट शोधत होतो. आजही लग्नाला गेलो की कार्यालयाची मागची बाजू, आचाऱ्यांचा कोपरा, कुठे उघडते ते न कळणारे दार हे पाहून झाल्याशिवाय मला जेवण जात नाही. बायको फक्त म्हणते, ‘‘आलास का फिरून? काही मिळालं?’’ मिळत काहीच नाही. हे मला ठाऊक आहे.

खेळातल्या आडवाटेला काही असते, कारण मी येणार असा विचार करून कोणीतरी ते तिथे ठेवलेले असते. बोळाच्या टोकाशी मोडक्या खुर्च्या ठेवणाऱ्या शिपायाने माझा विचार केलेला नसतो. तरीही त्या दाराला हात लावताना क्षणभर मला खात्री वाटते की आपल्यासाठी कोणीतरी, केव्हातरी, इथे काहीतरी ठेवले असणार. मी देवळात जात नाही, नवस बोलत नाही, पत्रिका मानत नाही; माझ्या वाट्याची सगळी श्रद्धा बहुधा या एका जागी साठली असावी, आणि ती एका जपानी कंपनीने दोन बटणांच्या रिमोटमधून माझ्यात घातली, याला माझ्याकडे काही उपाय नाही.

आमच्या मुलीला यातले काही लागलेले नाही. ती खेळायला बसण्याआधी यूट्यूबवर बघून घेते, कुठे काय दडलेले आहे ते तिला आधीच माहीत असते, आणि बाण दिसला की ती बाणाकडे जाते. बरेच आहे. घरातले कोणीतरी गाडीच्या वेळेवर स्टेशनात पोहोचलेले बरे.