मावशींचा राग आणि ते सहाजण

गुरुवार, रात्र

संध्याकाळी शेजारच्या मावशी पेपर हातात घेऊनच आल्या. लहान पोरीवरच्या अत्याचाराची बातमी. "असल्यास्नी पोसत कशाला बसायचं? फाशी द्यायची आणि मोकळं व्हायचं!" त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. बातमी वाचताना माझ्याही पोटात कालवलं. तरी मी त्यांना होकार दिला नाही.

आमच्या बेळगावातल्या हिंडलग्याच्या जेलमध्ये फाशीची सोय आहे. 2013 मध्ये चंदनतस्कर वीरप्पनच्या चार साथीदारांचा दयेचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा ते इथंच होते. त्यांच्यावर 1993 च्या पालार स्फोटाचा गुन्हा होता, त्यात 22 जीव गेले होते. खालच्या कोर्टानं दिलेली जन्मठेप 2004 साली सुप्रीम कोर्टानं स्वतःहून फाशीवर नेली. मग दयेच्या अर्जावर नऊ वर्षं निर्णयच नाही. अखेर जानेवारी 2014 मध्ये याच दिरंगाईपायी फाशी रद्द झाली. एवढी वर्षं गळ्यात दोर असल्यागत जगायचं, ही कुठल्या कलमातली शिक्षा?

ते चौघे दोषी तरी होते. मला झोप लागू देत नाहीत ते नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या खटल्यातले सहाजण. भटक्या जमातीतली गरीब माणसं. गुन्हा अंगावर काटा आणणारा, पाच खून आणि बलात्कार. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी ठोठावली. आणि मार्च 2019 मध्ये त्याच कोर्टानं आपला निकाल मागं घेऊन सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं! मधल्या काळात फाशी उरकली असती, तर हा निकाल कुणाला वाचून दाखवला असता? आणि खरे खुनी? ते मोकळेच राहिले.

मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्या पोरीच्या आईनं काय करायचं?"

त्या आईला न्याय हवाच. पण तो तपास नीट झाला तरच मिळतो. 2008 मध्ये कर्नाटकातल्याच स्वामी श्रद्धानंद खटल्यात सुप्रीम कोर्टानं फाशीऐवजी मरेपर्यंत कैद दिली, सुटकेची वाट बंद करून. गुन्हेगार बाहेर येत नाही, आणि चूक निघालीच तर माणूस जिवंत सापडतो. मी एवढंच मागते. मावशींना पटलेलं नाही. उद्या पुन्हा बोलू म्हणाल्यात.