आठ रस्ता चौक, लेस्टर आणि कोलंबस

सोमवारी एक नवी विद्यार्थिनी आली. लायसन्स आहे, पण चार वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही, आणि पुढच्या महिन्यात नवऱ्याबरोबर बर्मिंगहॅमला चालली आहे. म्हणाली, "मॅडम, तिकडे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात ना? मग फक्त हात साफ करून द्या." मी तिला सरळ लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकात घेऊन गेले.

नागपुरात गाडी शिकवायला लागून मला 19 वर्षं झाली. 2018 मध्ये धाकट्या बहिणीकडे इंग्लंडमध्ये, लेस्टरला दोन महिने राहिले आणि 2023 मध्ये मुलाकडे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला. दोन्हीकडे विम्यात माझं नाव घालून घेतलं आणि रोज गाडी चालवली. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या मुलींना मी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावते. डावं-उजवं चार दिवसांत अंगवळणी पडतं. चौकात आधी कोण जाणार, हे तिथले लोक कसं ठरवतात, ते शिकायला वेळ लागतो. आणि इंग्लंड-अमेरिकेत ते ठरवायची तऱ्हा अगदी वेगवेगळी आहे.

लेस्टरला जाल तिकडे गोल चौक. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हा तिथला नियम 1966 पासूनचा. तोंडाशी तुटक पांढरी रेघ असते. उजवीकडून कोणी येत नसेल तर थांबायचंसुद्धा नाही, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सरकत राहते आणि नजर उजवीकडे. एकदा आत शिरलं की रस्ता आपला. माझी गडबड इथेच झाली. तिसऱ्या दिवशी मी गोलात होते आणि डावीकडच्या तोंडाशी एक व्हॅन थांबली होती. आपल्याकडची सवय, वाटलं आता ही नाक घुसवणार, म्हणून मी ब्रेक दाबला. मागच्या गाडीची चाकं करकचून घासली. बहिणीचे यजमान शेजारी होते. ते शांतपणे म्हणाले, "ताई, आत शिरलात ना, आता थांबायचं नाही. तो थांबेल." व्हॅनवाला खरंच थांबला होता. पुढे सरकायचा त्याचा विचारच नव्हता.

उजवीकडच्याला वाट द्या, हा नियम आपल्याही पुस्तकात आहे. लर्निंगच्या परीक्षेसाठी सगळ्या पोरी तो पाठ करतात. पण आठ रस्ता चौकात सकाळी दहा वाजता तो पाळणारा एक माणूस मला दाखवा. म्हणून मी सहाला जाते.

कोलंबसच्या वस्तीत गोल चौक क्वचितच दिसले. तिथे चारही तोंडांना लाल अष्टकोनी पाट्या, थांबा. समोर काळं कुत्रं नसलं तरी थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे चाक पूर्ण थांबलं पाहिजे. जो आधी आला तो आधी जाणार, दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. पहिल्या संध्याकाळी चारही बाजूंनी चार गाड्या आल्या. पोलीस नाही, सिग्नल नाही. मी समोरच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे बघतोय. मुलगा म्हणाला, "आई, तुझा नंबर. तू दुसरी आलीस." त्याने मोजलं होतं! चौघांनीही मोजलं होतं, मी सोडून. मी निघाले, मग डावीकडची बाई निघाली, मग शेवटचा. रेशनच्या रांगेत सांभाळतात तसा प्रत्येक जण आपला नंबर सांभाळत होता. मला ते फार आवडलं.

सिग्नलचं मात्र उलट. इंग्लंडमध्ये लाल म्हणजे लाल, डावीकडे वळायचं असलं तरी. हिरवा बाण लागला तरच सुटका. आपलं फ्री लेफ्ट तिथे चालत नाही. अमेरिकेत तेच फ्री लेफ्ट आरशात पाहिल्यासारखं: लाल दिव्यावर पूर्ण थांबून, बघून, उजवीकडे वळता येतं, मनाईची पाटी नसेल तर. न्यूयॉर्क शहरात मात्र पाटीने मुभा दिली असेल तिथेच. इंग्लंडमध्ये हिरव्याच्या आधी लाल आणि पिवळा एकत्र लागतात, तेवढ्यात गिअर टाकून घेता येतो. अमेरिकेत लालनंतर थेट हिरवा. तिथे बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, त्यामुळे कोणाचं अडत नाही.

शाळेची बस मात्र मी विसरू शकत नाही. कोलंबसच्या दुपदरी रस्त्यावर पिवळी बस थांबली, लाल दिवे उघडझाप करायला लागले आणि बाजूने एक छोटी पाटी हातासारखी बाहेर आली. मागच्या गाड्या थांबल्याच, समोरून येणाऱ्याही थांबल्या. एक पोरगी उतरली, सहा-सात वर्षांची, दप्तर पाठीवरून घसरत होतं. बसच्या पुढून रस्ता ओलांडताना ती मध्येच थांबली, दप्तराचा पट्टा खांद्यावर चढवला आणि मग घराकडे गेली. तेवढा वेळ कोणी हॉर्न वाजवला नाही. मला रडू आलं. आपल्याकडे रिक्षातून उतरलेली पोरं दोन्हीकडे बघत कशी पळतात, ते मी रोज क्लासच्या गाडीतून बघते.

आता दोन गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही.

एक, इंडिकेटर. आपल्या मारुतीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला आणि वायपरची डाव्या. इंग्लंडच्या बहुतेक गाड्यांत आणि अमेरिकेत हे उलट आहे. पहिला आठवडा प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरतो. फिरू द्या, पण वळायच्या आधी दांडी बघून घ्या, कारण मागच्याला तुमचं वळण कळलेलं नसतं.

दुसरी जिवाची. चूक गर्दीत होत नाही, रिकाम्या रस्त्यावर होते. गर्दीत पुढच्या गाडीमागे आपण आपोआप बरोबर बाजूला राहतो. कोलंबसला रविवारी सकाळी किराणा दुकानाच्या पार्किंगमधून डावीकडे वळले, रस्ता रिकामा, आणि हात आपणहून नागपूरचं वळण वळले. थेट डाव्या पट्ट्यात. शंभरेक फुटांवर समोरून पांढरी गाडी, तिने दिवे दाखवले, मी उजवीकडे घेतली. पुढे गाडी बाजूला लावून दहा मिनिटं बसले होते. पाय कापत होते.

तेव्हापासून मी मुलींना "डावीकडे" किंवा "उजवीकडे" सांगतच नाही. मी सांगते, मधली रेघ तुझ्या खांद्याशी पाहिजे. लेस्टर असो, कोलंबस असो की वर्धा रोड, चालवणारी बसते ती नेहमी रस्त्याच्या मधल्या बाजूला. रेघ शेजारच्या सीटकडे गेली की काहीतरी चुकलंय.

बर्मिंगहॅमवाली काल आठ रस्ता चौकात पाच वेळा फिरली. पाचव्या फेरीला डावीकडून एक स्कूटर आली आणि हिचा पाय ब्रेकवर गेला, अगदी माझा गेला होता तसाच. नागपुरात तो जायलाच हवा, स्कूटरवाला थांबणार नव्हता. तिकडे मात्र नको. हे दोन्ही एकाच पायाला कसं शिकवायचं, यावर मी अजून विचार करतेय. उद्या सहाला पुन्हा जाणार आहोत.