कोरसमधले चेहरे

टॅबरनॅकल कॉयर, म्हणजे मॉर्मन चर्चचा गायकवृंद. त्याचा नाताळचा कार्यक्रम अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर डिसेंबरात लागतो, पण तो चित्रित झालेला असतो आदल्या डिसेंबरात. म्हणजे वर्षभर थांबून शिळा नाताळ बघायचा. मला त्याचं काही वाटत नाही. दिवाळी पहाटेच्या मैफली आपण यूट्यूबवर मे महिन्यातसुद्धा ऐकतोच.

सॉल्ट लेक सिटीच्या कॉन्फरन्स सेंटरमध्ये २१,००० माणसं बसतात. मंचावर ३६० च्या आसपास गायक, पुढे ऑर्केस्ट्रा, मागे सात हजारांहून जास्त नळ्यांचा ऑर्गन. हा पसारा बघून, माझ्याकडे राहायला आलेल्या आईने पहिला प्रश्न विचारला तो बिदागीचा. "एवढ्या सगळ्यांना देतात तरी किती गं?"

काहीच नाही. सगळे नोकरीधंदा सांभाळून फुकट गाणारे. बरं, प्रवेशही सोपा नाही. आवाजाची परीक्षा, संगीतशास्त्राची परीक्षा, मग शिकवणी. आणि वीस वर्षं झाली किंवा साठी गाठली की निवृत्ती. हे शेवटचं आईला अजिबात पटलं नाही. "साठीला तर गवई कुठे मुरायला लागतो!" आपल्याकडे एकट्याने गायचं असतं, थकलेल्या आवाजातलीही जागा दाद घेऊन जाते. इथे कुणाचाच आवाज वेगळा ऐकू येता कामा नये. आल्टोंच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या रांगेतून एक जरी आवाज बाहेर डोकावला तरी ती चूक.

दरवर्षी पाहुणे कलाकार असतात, आणि ते निवडणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. २०२२ च्या कार्यक्रमात फिलिपिनो गायिका ली सलोंगा गायली आणि डेव्हिड सुशे, म्हणजे टीव्हीवरचा गुप्तहेर पॉइरो, याने व्हिक्टर ह्यूगोची गोष्ट सांगितली. देशाबाहेर काढलेला ह्यूगो गर्न्सी बेटावर राहत होता, तेव्हा तिथल्या गरीब मुलांना घरी बोलावून जेवू घालायचा. त्याच ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'वरच्या संगीतिकेत सलोंगाने ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, आधी एपोनीन आणि पुढे फँटीन केलेली. पुढच्या वर्षीचा पाहुणा मायकेल मलियाकल, भारतीय वंशाचा, ब्रॉडवेवरचा अल्लादीन. आणि डिस्नेच्या १९९२ च्या 'अल्लादीन' चित्रपटात राजकन्या जॅस्मिनची गाणी गायलेली कुणी, तर हीच सलोंगा! हा योगायोग असेलही. मी मात्र मुद्दाम जुळवलंय असंच धरून चालते.

तरी खरं सांगायचं तर पाहुणा गात असताना माझं लक्ष मागे असतं. सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेल्याला मागचे गायक म्हणजे नुसते ठिपके दिसत असणार. टीव्हीवर कॅमेरा त्यांच्यावरून फिरतो आणि मध्येच एका चेहऱ्यावर थांबतो. वरचा सूर लावताना भुवयाही वर चढवणारा टेनर, म्हणजे उंच आवाजाचा पुरुष गायक. संचालन करणाऱ्या मॅक विल्बर्गच्या हातावरची नजर न हलवता हसू आवरणारी बाई. ज्यांनी वेगळं ऐकू यायचं नाही, ते असे दोन-तीन सेकंद वेगळे दिसतात. तेवढ्या वेळात त्यांच्या घरी केवढा आरडाओरडा होत असेल!

ऑर्गनवादक रिचर्ड एलियट स्वतंत्र वाजवायला बसतो तेव्हा कॅमेरा त्याच्या पायांवर जातो. "अगंबाई, पायांनी वाजवतो!" म्हणत आई सरसावून बसली. नंतर तिने सोप्रानोंमधली, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांमधली एक निवडली, गोल चेहऱ्याची, लालचुटुक लिपस्टिकवाली. 'एंजल्स फ्रॉम द रेल्म्स ऑफ ग्लोरी' हे शेवटचं गाणं भैरवीसारखं ठरलेलं आहे. ते सुरू झालं, लोक उभे राहिले, झगमगाट झाला, आणि आई तिला शोधत राहिली. कॅमेरा काही तिच्याकडे परत गेला नाही.

"मेल्याला कुठे दाखवायचं तेच कळत नाही," आई म्हणाली. कॅमेरामनला.