आमची वाटचाल : रूट २७ वरचं कार्डांचं दुकान

आमचं दुकान न्यू जर्सीत, एडिसनला लागून, रूट २७ वर आहे. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला नेल सलून. खेळाडूंच्या चित्रांची संग्राह्य कार्डं विकतो. बेसबॉल मुख्य, मग बास्केटबॉल, फुटबॉल, थोडं हॉकी. मंडळाच्या गणपतीत कोणी ना कोणी विचारतंच, "सचिनचं रुकी (पदार्पणाचं) कार्ड आहे का हो?" नाही. बिग फनच्या च्युइंगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची चित्रं सांगलीच्या घरी माळ्यावर असली तर असतील, आणि ती विकायची नाहीत.

दुकान १९९८ मध्ये घेतलं. आधीचे मालक इटालियन वंशाचे म्हातारे गृहस्थ. ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट सुरू होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांना त्या प्रकाराचा मनस्वी तिटकारा. किल्ल्या, दोन काचेची कपाटं, ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतला खोकीच्या खोकी माल आणि दहापटीचं एक पितळी भिंग एवढं सोडून ते फ्लोरिडाला गेले. खोक्यांतला माल आजही कवडीमोल. भिंग अजून रोज वापरात आहे. त्याची काडी सैल झाली होती, ती सौ.ने शिवणयंत्राच्या स्क्रूने बसवली.

त्या काळी भाव बेकेट या कार्डांच्या भावांच्या मासिकात ठरायचा. चढ्या आणि कमी भावाचे दोन रकाने, वर जाणारे नि खाली येणारे बाण. आम्ही वरच्या रकान्यावर बोट ठेवायचं, गिऱ्हाइकाने खालच्या, आणि मधे कुठेतरी सौदा. शिवाय गावागणिक भाव वेगळा. आमच्याकडे न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचं काहीही महाग, सिअ‍ॅटलमध्ये तिथला खेळाडू ग्रिफी महाग. त्या फरकावर आमच्यासारख्यांचं पोट चालायचं. ऑनलाइन लिलावांनी हा फरक दोन-तीन वर्षांत पुसून टाकला. देशभरातले माळे एकदम रिकामे व्हायला लागले आणि दुर्मिळ म्हणून काचेत मिरवणारा माल घरोघरी निघाला. १९८८ ते १९९१ च्या कार्डांचं तर विचारूच नका, कंपन्यांनी ती छापलीच होती ढिगाने.

उलट जे खरोखर कमी होतं ते किती कमी आहे, हेही तेव्हाच पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. जुन्या काळचा बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी-२०६ (सिगारेटबरोबर मिळणाऱ्या कार्डांच्या संचातलं), हॉकीपटू ग्रेट्स्कीच्या मालकीचं होतं म्हणून 'ग्रेट्स्कीवालं' म्हणतात ते, १९९१ मध्ये सॉदबीजला ४ लाख ५१ हजार डॉलरना गेलं होतं. जुलै २००० मध्ये तेच ईबेवर १२ लाख ६५ हजारांना गेलं. आम्ही तो लिलाव दुकानातल्या संगणकावर डायल-अपने पाहिला. पान उघडेपर्यंत आकडा बदललेला असायचा.

आणखी एक गोष्ट झाली, जी लोक विसरतात. माल हातात न घेता विकत घ्यायचा म्हटल्यावर कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवणं आलं. ग्रेडिंग, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून त्याला दहापैकी आकडा देणं, आधीही होतं, ते करणारी पीएसए कंपनी १९९१ पासून आहे, पण स्लॅबला (आकडा चिकटवलेल्या प्लास्टिकच्या बंद डबीला) राज्य मिळालं ते पडद्यावरच्या खरेदीने. नऊ आणि दहा यांत नुसत्या डोळ्याला दिसेल असा फरक बहुतेक वेळा नसतो. भावात मात्र कित्येक पटींचा पडतो. माझं स्पष्ट मत : निम्मे लोक आता कार्ड गोळा करत नाहीत, चिकटवलेला आकडा गोळा करतात.

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. दुकान चाललं. मुलगी रटगर्स विद्यापीठात गेली. काउंटरवर आम्ही इमानेइतबारे विक्रीकर घेत होतो, सहा-सात टक्के, आणि परराज्यातला विकणारा तोच माल करावाचून घरपोच देत होता. लोक आमच्याकडे येऊन कार्ड उलटसुलट बघायचे आणि गाडीत बसून फोनवरून दुसऱ्याचं घ्यायचे. २०१८ मध्ये परराज्यातल्या विकणाऱ्याकडूनही कर घेण्याची राज्यांना मुभा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा वेफेअरचा निकाल आला तेव्हा कुठे हे थांबलं. वीस वर्षांचा फरक कोण भरून देणार?

आता त्या माणसाबद्दल. नाव लिहीत नाही. आमच्यापासून वीस मिनिटांच्या अंतरावर त्याने दुकान काढलं. मोठी पाटी, आत कॉफी, भिंतीवर टीव्ही. बाराशे-पंधराशेला विकलं जाणारं कार्ड तो लिलावात टाकायचा आणि ते अडीच हजारांना 'विकलं' जायचं. त्या पानाची प्रत काढून दुकानात लावायची. आठवड्याने गिऱ्हाईक आमच्याकडे यायचं, फोन पुढे करायचं : "हे बघा, इथे अडीच हजार." विकायला आलेला अडीच मागायचा, घ्यायला आलेला म्हणायचा तुमचं बाराशेला आहे म्हणजे काहीतरी खोट आहे. दोन्हीकडून आम्हीच खोटे.

महिन्याभराने तेच कार्ड, कोपऱ्यावरचा तोच बारीक पांढरा टवका, पुन्हा लिलावात. मी फोटो जपून ठेवले होते. विकलेलं कार्ड विकणाऱ्याकडेच परत कसं येतं?

लिलाव कसा चालतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, तरी सांगतो. जिंकणारा आपली कमाल रक्कम देत नाही. त्याच्या खालच्या बोलीहून एक पायरी वर देतो. म्हणजे भाव ठरवतो तो दुसरा. रविवारी रात्री दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की आकडा कुठेही जातो, आणि त्यातला एक त्या दिवशी लग्नाला गेला असता तर तेच कार्ड निम्म्यात गेलं असतं. आणि दुसरा जर विकणाऱ्याचा मेहुणा असेल तर? आमच्याकडे गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून सौदा व्हायचा, आकडा फक्त दोघांना ठाऊक. इथे उलटं आहे. आकडा जगाला ठाऊक, बोटं कोणाची ते कोणालाच नाही.

हे माझं रडगाणं वाटत असेल तर बिल मास्ट्रो यांचा खटला आठवा. क्रीडा-संग्रहाच्या लिलावातलं देशातलं सगळ्यात मोठं नाव. २०१३ मध्ये त्यांनी न्यायालयात कबूल केलं की आपल्या लिलावांत खोट्या बोल्या लावल्या जात होत्या, आणि त्या ग्रेट्स्कीवाल्या वॅग्नरच्या कडाही आपणच कापल्या होत्या. पीएसएने ग्रेड केलेलं पहिलं कार्ड ते!

कडा कापण्यावरून आमचे पोस्टमन आठवले. निवृत्त आहेत, दुकान घेतल्यापासूनचं गिऱ्हाईक. त्यांचा एकच ध्यास, टॉप्स कंपनीचा बेसबॉल कार्डांचा १९५६ चा पूर्ण संच, ३४० कार्डं, स्लॅब नको, अल्बममध्ये लावता आली पाहिजेत. एकदा ते १३५ नंबर घेऊन आले, बेसबॉलचा दिग्गज मिकी मँटल, ऑनलाइन घेतलेलं, खुशीत. कार्ड दिसायला देखणं, कोपरे सुईसारखे. मला कोपरेच खटकले. छप्पनची कार्डं आजच्यासारखी साडेतीन बाय अडीच नसतात. पावणेचार इंच लांब आणि अडीच इंचांहून जरा रुंद असतात. कॅलिपर लावला तर रुंदीत मिलिमीटरभर कमी. छापखान्याची काटछाट तेव्हा ढिली असायची, त्यामुळे नुसत्या मापावर बोलू नये. मग कार्ड उभं धरून भिंगाखाली कड पाहिली. तीन कडा जुन्या पुठ्ठ्याच्या, मऊ, तपकिरीकडे झुकलेल्या. चौथी पांढरीशुभ्र, पात्याच्या धारेने सरळ गेलेली आणि टोकाशी आकड्यासारखी किंचित बाहेर वळलेली. पातं बाहेर निघताना तिथे वळतं. मी काही न बोलता भिंग त्यांच्या हातात दिलं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "म्हणून स्वस्त होतं." विकणारं खातं कोणाचं होतं ते तुम्ही ओळखलं असेलच.

मग आलं २०२०. सगळे घरात कोंडलेले, हातात सरकारी मदतीचे पैसे, टीव्हीवर बास्केटबॉलच्या जॉर्डनवरची मालिका. जानेवारी २०२१ मध्ये फ्लीअर कंपनीचं १९८६ चं जॉर्डन, पीएसए १०, ७ लाख ३८ हजार डॉलरना गेलं. मे महिन्यात कार्डांवरून मारामारी झाली म्हणून टार्गेट या दुकानसाखळीने आपल्या दुकानांतली विक्रीच थांबवली. त्या दिवसांत आमच्याकडे दार उघडायच्या आधी रांग लागायची, आणि रांगेतल्या बहुतेकांना मँटल कोण हेही ठाऊक नव्हतं.

आम्ही गिऱ्हाइकांची कार्डं एकत्र करून ग्रेडिंगला पाठवतो. फी आधी आम्ही भरायची, कार्ड परत आलं की गिऱ्हाइकाने द्यायची, अशी पहिल्यापासूनची रीत. २०२१ मध्ये ग्रेडिंगवाल्यांकडे माल इतका तुंबला की आमची खोकी वर्षभर उघडलीच गेली नाहीत. तो पलीकडचा लोकांना सांगत सुटला की माझ्या ओळखी आहेत, महिन्यात आणून देतो. त्याचीही तिकडेच अडकली होती, पण बोलायला काय जातं? जुनी जुनी गिऱ्हाइकं तिकडे गेली. वर दोन-चार जणांनी आम्ही कार्डं लंपास केली असं चारचौघांत म्हणायला कमी केलं नाही. सौ.ने प्रत्येक कार्डाचा फोटो आणि पावती वहीत चिकटवून ठेवली होती, म्हणून निभावलं.

कार्डं परत आली ती २०२२ च्या उन्हाळ्यात. तोवर हवा गेली होती. जॉर्डनचं तेच कार्ड दोन लाखांच्या आसपास आलेलं, आणि काल-परवाच्या खेळाडूंच्या चकचकीत कार्डांना तर कोणी विचारेना. तीनशेच्या कार्डाचं साठ झालं की माणूस ग्रेडिंगची फी द्यायला फिरकत नाही. आमचे पैसे त्या स्लॅबांत, दुकानाचं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं, घरमालकाची नोटीस दारावर. गंमत म्हणजे त्याच ऑगस्टमध्ये १९५२ चं मँटल १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. न्यू जर्सीतल्याच एका माणसाने ते १९९१ मध्ये ५० हजारांना घेतलेलं होतं. वर्तमानपत्रं म्हणत होती कार्डांचे दिवस आले, आणि आम्ही पाटी उतरवायची का याचा हिशेब करत होतो.

त्या आठवड्यात पोस्टमन आले. काचेतली छप्पनची जेवढी कार्डं त्यांच्या संचात नव्हती ती सगळी काढा म्हणाले. क्लेमेंटे ३३, कोफॅक्स ७९, जॅकी रॉबिन्सनचं ३० नंबर आणि चांगलं १३५ सुद्धा. फोन खिशातून काढला नाही. घासाघीस नाही. मी आपणहून किंमत कमी करायला लागलो तर म्हणाले, चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच घे. बाहेर त्या वेळी भाव आमच्या चिठ्ठीपेक्षा खाली होता आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं. त्या पैशांत भाडं फिटलं. बाकीची वसुली आम्ही तगादा लावून केली, काही अजून बाकी आहे.

तो पलीकडचा दुकान बंद करून आता फोनवर थेट लिलाव करतो, रात्री दहापासून, ओरडत. त्याचं चांगलं चाललंय म्हणतात. चालू दे.

आता थोडं कामाचं. ऑनलाइन 'सोल्ड'चा (विकलं गेल्याचा) आकडा बघताना एकच बघू नका, गेल्या तीन महिन्यांतले पाच-सहा बघा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. विकलं गेलं म्हणजे पैसे दिले गेले असं नव्हे. 'बेस्ट ऑफर'ने (घासाघिशीने) गेलेल्याची खरी रक्कम त्या पानावर दिसेलच असं नाही. १९०९ चं म्हणवणारं कार्ड अतिनील दिव्याखाली निळसर चमकलं तर कागद नवा समजा आणि घरी जा. मुलांच्या शिक्षणाचे पैसे यात घालू नका, हे मी दुकानदार असून सांगतोय.

आणि माळ्यावरचं खोकं घेऊन येणार असाल तर शनिवारी सकाळी या. रबरबँड लावू नका. कार्डं ओल्या फडक्याने पुसू नका. नुसती पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पाकिटात) घाला, टॉपलोडर (कडक आवरण) आम्ही देऊ. फोनवर बघितलेला भाव कागदावर लिहून आणलात तरी चालेल, पण कार्ड आधी मी बघणार.