तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रान्झॅक्शन असताना ओळ लॉक कशाला?

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधल्या कामांचा एकत्र बांधलेला गठ्ठा, आणि ओळ लॉक करणं म्हणजे त्यातली एक नोंद आपलं काम होईपर्यंत दुसऱ्याला बदलू न देणं. कधी नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांकडून, कधी इथल्याच एखाद्या दुकानाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मित्राकडून. "सर, वाचणं आणि लिहिणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आहे की. मग वर ते ओळ लॉक करणारं 'फॉर अपडेट' कशाला चिकटवायचं?"

मीही असंच म्हणायचो. पाच चादरी कमी पडल्या तेव्हा थांबलो.

सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका व्यापाऱ्यासाठी स्टॉकचा प्रोग्रॅम लिहिला होता. काउंटर दोन, डेटाबेस एक, माल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या गोदामात. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, बाहेरगावची माणसं येतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एका डिझाइनच्या ६० चादरी शिल्लक होत्या. एका काउंटरवर २५ चं बिल झालं, त्याच क्षणी दुसऱ्यावर ४० चं. दोघांनीही ६० वाचले. मध्ये पार्टीची जुनी बाकी तपासायला प्रोग्रॅम अर्धा सेकंद घ्यायचा, गर्दीत तेवढा पुरतो. पहिल्यानं ३५ लिहिले. दुसऱ्यानं त्यावर २० लिहिले. एरर नाही, काही नाही, दोन्ही कमिट झाले, म्हणजे पक्के नोंदले गेले. संध्याकाळी गोदामातून फोन: "सर, पाच नग कमी पडालेत की ओ. कंप्युटर तर वीस शिल्लक दाखवालाय."

ट्रान्झॅक्शननं आपलं काम चोख केलं होतं. सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही, एवढं ते बघतं. शेजारच्या ट्रान्झॅक्शनपासून किती आडोसा मिळणार, हे आयसोलेशन लेव्हल ठरवते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तुम्ही काही सांगितलं नाहीत तर ती 'रीड कमिटेड' (दुसऱ्याचं कमिट झालेलं तेवढंच दिसतं) असते, आणि तिच्यात वरचा घोटाळा आरामात होतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनमध्ये 'रिपीटेबल रीड' (पुन्हा वाचलं तरी आधीचंच दिसतं) असते. नाव भारदस्त, पण साधं वाचून नंतर लिहिलंत तर हा घोटाळा तिथेही होतो. पोस्टग्रेसची रिपीटेबल रीड मात्र दुसऱ्याला एरर देऊन परत पाठवते.

यावर हुशार पोरं म्हणतात, अपडेट, म्हणजे बदल लिहिणारी आज्ञा, स्वतःच ओळ लॉक करतं ना? करतं. पण तोवर ६० चा आकडा तुमच्या प्रोग्रॅमच्या खिशात पडून शिळा झालेला असतो. म्हणून लॉक वाचतानाच घ्यायचं: 'सिलेक्ट' या वाचायच्या आज्ञेच्या शेवटी 'फॉर अपडेट'. मग दुसरा काउंटर तीच ओळ तशीच मागायला आला की थांबतो, पहिल्याचं कमिट झालं की त्याला ३५ दिसतात, आणि ४० चं बिल अडतं. नुसता रिपोर्ट बघणारा मात्र अडकत नाही, साधं सिलेक्ट चालूच राहतं.

ऑटोकमिट (प्रत्येक वाक्य, म्हणजे प्रत्येक आज्ञा, आपोआप कमिट) चालू ठेवून फॉर अपडेट लिहिणारेही भेटतात. तिथे वाक्य संपलं की लॉकही सुटतं. कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवण्यातला प्रकार.

आणि खरं सांगू, नुसती वजाबाकी करायची असेल तर हे काहीच नको. 'शिल्लक ४० किंवा जास्त असेल तरच ४० वजा कर' असं एकच अपडेट लिहा आणि किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य आलं तर माल नाही. मला उधारीची मर्यादा आणि पार्टीनुसार भाव बघून ठरवायचं होतं, म्हणून आधी वाचणं भाग होतं.

चादरींच्या धसक्यानं मी दुसऱ्या टोकाला गेलो. बिलाचा स्क्रीन उघडला की लगेच लॉक. आता गिऱ्हाईक भावावर घासाघीस करतंय, मालक चहा मागवतायत, मध्येच घरचा फोन, आणि ओळ तेवढा वेळ अडकलेली. दुसऱ्या काउंटरवरचा पोरगा माऊस आपटतोय. इनोडीबी असती तर मूळ सेटिंगप्रमाणे ५० सेकंदांनी कंटाळून एरर दिली असती. आमचं पोस्टग्रेस होतं. तिथे 'लॉक टाइमआउट' मुळात शून्य असतो, म्हणजे वाट बघत बसा, कितीही. मालकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. त्या रात्री बसून लॉक 'सेव्ह' दाबल्यानंतर घ्यायला लावलं. स्क्रीनवरचा आकडा फक्त दाखवायला, खरा आकडा लॉक घेतल्यावर पुन्हा वाचायचा. माणूस विचार करत असताना लॉक धरायचं नाही, हे तेव्हापासून मी कुणाच्याही कोडमध्ये पहिल्यांदा तपासतो.

राहिलं डेडलॉक. एका बिलात आधी चादर मग टॉवेल, दुसऱ्यात आधी टॉवेल मग चादर. दोघंही एकमेकांची ओळ धरून बसले. पोस्टग्रेस असं मूळ सेटिंगनुसार एक सेकंद थांबून तपासतं आणि दोघांतल्या एकाला रद्द करतं. उपाय साधा निघाला: बिलात माल कोणत्याही क्रमानं टाका, लॉक आयटम नंबरच्या चढत्या क्रमानंच घ्यायचं. तरी कधी एखादं रद्द झालंच तर प्रोग्रॅम स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो, काउंटरवर कुणाला कळतही नाही.

पाच चादरींचे पैसे मी माझ्या बिलातून कापून दिले. मालक नको म्हणाले नाहीत.